एकच रेघ

खर्डी,
५ फेब्रुवारी २०२६

ती. ताराआत्या,

नमस्कार. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मला ओरडून मनातलं सांगता येत नाही, म्हणून पत्र. उद्या शहापूरला जायचं आहे, तेव्हा स्टँडवर भगीरथच्या जीपमध्ये देईन. मुरबाडला जाताना तो तुझ्या दारात थांबेल म्हणाला आहे.

बातमी अशी की मला निवडलंय. मार्चच्या चौदा तारखेला आमच्या भागातल्या चाळीस शिक्षकांना वर्गात एआय कसं वापरायचं ते मी शिकवायचं आहे. मी! त्यात वीस वीस वर्षं शिकवणारे गुरुजी असतील.

एआय म्हणजे काय ते तुला सांगते. फोनमधलं एक यंत्र समज. त्याला मराठीत सांगितलं की ते मराठीत लिहून देतं. धडा सांग, धडा देतं. प्रश्नपत्रिका सांग, प्रश्नपत्रिका. पोरांच्या वहीचा फोटो दाखवला तर ते वाचतं आणि चुका दुरुस्त करून देतं. आत्या, आमच्या वाडीच्या शाळेत आम्ही दोघं शिक्षक आणि वर्ग चार. ज्या वह्या तपासायला मला रविवार पुरत नव्हता, त्या परवा वीस मिनिटांत झाल्या. मी खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं.

प्रशिक्षणाच्या शीतल मॅडमनी ठरवलंय की चौथीच्या मुलांचं लेखन आपण एआयकडून नीट करून घ्यायचं, त्याची छोटी पुस्तिका छापायची आणि त्या दिवशी सगळ्यांना वाटायची. पुस्तिकेचं नाव ‘आमच्या हातचं’. माझ्या वर्गात बुधी म्हणून एक मुलगी आहे. तीन वर्षं ती फक्त फळ्यावरचं उतरवायची. ‘माझं घर’ या विषयावर तिनं पहिल्यांदा स्वतःहून पाच ओळी लिहिल्या. त्याही पुस्तिकेत जाणार.

सगळं चांगलं चाललंय आणि तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. शाळा लांब म्हणून दुसरीपर्यंत मी तुझ्या ओटीवर शिकले. तू सांगायचीस, चूक पुसायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, मग बाजूला बरोबर लिहायचं. या यंत्रात रेघच नाही. चूक होती हेच कुठे दिसत नाही. हे मॅडमना विचारावंसं वाटलं, पण एवढ्याशा गोष्टीला हसतील म्हणून गप्प बसले. मी उगाच घाबरते का?

तुझी,
दर्शना


मुरबाड,
११ फेब्रुवारी

दर्शे,

पत्र पोचलं. भगीरथ बसून चहा पिऊन गेला. वर म्हणतो, तुमची भाची स्टँडवर मला तीनदा सांगून गेली, पत्र पाडू नका. तू अशीच गो पहिल्यापासून. पाटीवर क काढायचीस आणि विचारायचीस, आत्या, पोट बरोबर आलं का. मी हो म्हटलं की परत विचारायचीस, खरंच का.

यंत्र बरं का वाईट ते मला काय कळतंय. गिरणी आली तेव्हा मी पण जातं ठेवून दिलं. हात दुखायचे. पण गिरणीतनं डबा आला की झाकण उघडून बघते, पीठ माझंच हाय का शेजारणीचं. तू बघितलंस का उघडून?

त्या बुधीच्या पाच ओळी मला पाठव. यंत्राच्या नको. तिच्या.

यंदा पाला गोळा करून ठेवलाय, अजून बाकीचं काम हायच. ओटीवर उजेड कमी येतो, ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या असतील. समजून घे.

ताराआत्या


खर्डी,
२० फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. उशीर झाला, रागावू नकोस. पुस्तिका छपाईला गेली त्या धावपळीत होते.

आणि आत्या, मुखपृष्ठावर बुधीचं लेखन घेतलंय! सगळ्या तालुक्यातून. शीतल मॅडम म्हणाल्या, “हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.” वही बुधीकडे आहे म्हणून तुला छापील कागदच पाठवतेय. पण त्यात शुद्धलेखनापलीकडे काही बदललेलं नाही. हे बघ:

‘माझे वडील शेतात खूप राबतात. आम्ही त्यांना मदत करतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. काळ्या आईची सेवा करणारे माझे वडील मला खूप आवडतात.’

वर्गात मी मोठ्यानं वाचून दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. बुधी लाजली असावी. नुसती कागदाकडे बघत राहिली.

आता मला चौदा तारखेची भीती आहे. भाषण चार वेळा लिहून फाडलं. यंत्राला सांगितलं असतं तर एका मिनिटात झालं असतं, पण माझ्या तोंडचं मीच लिहावं असं वाटतं. मग वाटतं, पोरांच्या तोंडचं मात्र मी त्याला दिलं. असो. हे असं सारखं चालू असतं डोक्यात.

तुझं पत्र वाचायला मला अर्धा तास लागला. ओळी खरंच एकमेकींवर चढल्या होत्या. डोळे बरे आहेत ना? खरं सांग.

दर्शना


दिनांक : २६ फेब्रुवारी २०२६

प्रिय दर्शना,

तुझे पत्र मिळाले. वाचून अत्यंत आनंद झाला. तुझी निवड झाली ही आपल्या कुटुंबासाठी अभिमानाची बाब आहे.

तू पाठवलेले बुधीचे लेखन मनाला भिडले. चौथीतील मुलगी वडिलांच्या कष्टांबद्दल इतक्या संवेदनशीलतेने लिहिते हे कौतुकास्पद आहे. तुझा निर्णय योग्य आहे. बदलत्या काळासोबत पुढे जाणे आवश्यक आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. यंदा राबायला कोणी नाही, परंतु लवकरच व्यवस्था होईल. तुझ्या उज्ज्वल भविष्यासाठी हार्दिक शुभेच्छा.

तुझी आत्या,
ताराबाई


खर्डी,
२ मार्च

आत्या,

हा छापील कागद कुणाचा आहे? तुझ्या सहीशिवाय यात तुझं काहीच नाही. ‘प्रिय’? तू मला जन्मात कधी प्रिय म्हटलं नाहीस. कुठे खाडाखोड नाही, शिवी नाही, ‘गो’ नाही. दोन दिवस मला वाटत होतं तू रागावलीस. बुधीची वही मागितली आणि मी छापील कागद पाठवला, म्हणून तूही मला छापील पाठवलंस.

तो कागद मी किती वेळा वाचला असेन. एका ओळीपाशी दर वेळी अडकायचे. ‘यंदा राबायला कोणी नाही.’ आत्या, तू असं बोलणार नाहीस. राबायला माणसं लागावीत इतकं तुझं शेतच कुठे आहे? मागच्या पत्रात तर पाला गोळा केल्याचं लिहिलं होतंस. तू म्हणाली असशील, ‘यंदा राब भाजायला कोणी नाय.’

आणि मग बुधीच्या छापील निबंधातलं ‘राबतात’ आठवलं. तशीच उठले, वाडीत गेले, बुधीची वही मागितली. तिच्या पाच ओळी आता जशाच्या तशा उतरवते. तू मागितल्या होत्यास तेव्हाच उतरवायला हव्या होत्या.

‘माजा बा राब भाजतो. आमी पाला आनतो शेन आनतो. धूर डोल्यात जातो. मंग माती काली होते. तवा भात चांगला येतो.’

आत्या, एवढंच. पोरीनं शेतीचं एक अख्खं काम पाच ओळींत सांगितलंय आणि त्याचा रडका निबंध झाला. यंत्राला ‘राब’ कळला नाही, म्हणून त्यानं ‘राबणे’ केलं. भाजायचं तर पुसूनच टाकलं. धुराचं डोळ्यांतलं पाणी केलं. पण यंत्राला कशाला बोलू? पाला, शेण, माती अंथरून पेटवतात आणि त्या भाजलेल्या जागी भाताचं बी टाकतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. लहानपणी तुझ्या राबाच्या धुरात मी खोकले आहे. सतरा वह्यांचे फोटो काढले आणि आलेलं उत्तर छान वाटलं म्हणून मूळ ओळींशी ताडून पाहिलं नाही. मी डबा उघडलाच नाही.

अजून एक तुझ्यापासून लपवलं होतं. त्या दिवशी बुधी लाजली नव्हती. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाई, ह्ये माजं नाय.” मी म्हटलं, “अगं तुझंच आहे, फक्त शुद्ध केलंय.” शुद्ध! हा शब्द मी त्या पोरीला वापरला. तेव्हापासून ती वहीत तारीख घालते आणि वही मिटते. परवा म्हटलं, बुधे, लिही काहीतरी. तर म्हणाली, “तुमीच लिवा बाई. तुमचं चांगलं आसतं.”

तिचे वडील कमळू वही द्यायला दारात आले. हसतच म्हणाले, “बाई, पोरीच्या कागदात मी रडतो म्हनं? वाडी मला चिडवते. मी कवा रडलो?”

पुस्तिकेचे गठ्ठे परवा आले. तीनशे प्रती. मुखपृष्ठावर तेच. चौदा तारखेला चाळीस जणांपुढे ती पुस्तिका उंच धरून मी सांगायचं आहे, बघा, एआयमुळे मूल लिहितं झालं. आणि लिहिती झालेली एकच मुलगी माझ्यामुळे लिहायची थांबली आहे. ते भाषण मी कसं करू? नाही म्हटलं तर दुसरं कुणीतरी करेल आणि चाळीस शाळांत हेच होईल. खरं सांगितलं तर मॅडमची सगळी मेहनत वाया. तू सांग. तुझ्या हातानं सांग. दोन शब्द चालतील.

दर्शना


मुरबाड,
६ मार्च

(काळ्या स्केचपेननं, मोठ्या अक्षरांत, एका ओळीत चार-पाच शब्द)

दर्शे,

रडू नको. तू सांगितलंस तसं माझ्या हातानंच लिहिते.

मला दिसत नाय नीट. मोतीबिंदू हाय. तुला सांगितलं असतं तर शाळा टाकून आली असतीस. शेजारची रुपाली म्हणाली, काकू तुमी बोला, मी फोनमध्ये घालते, छान पत्र होतं. बिचारीनं चांगल्यासाठीच केलं. मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, ही कोण बाई गो, लग्नपत्रिकेसारखी बोलते. पण कानात अर्धंच गेलं. म्हटलं जाऊ दे.

मी काय बोलले होते ते ऐक. मी बोलले, चौथीतली पोर बापाला काळ्या आईची सेवा करणारा म्हणते होय गो? हे तुझं यंत्र बोलतंय. वही उघड. त्याचं झालं कौतुकास्पद!

आता खरं सांगते. ती एक रेघ मी कुठे शिकले. तू पाच वर्षांची होतीस. पाटीवर लिहिलंस, ‘आत्या भाकर थापटते’. मी म्हटलं असं नसतं, थापते. ओल्या फडक्यानं पुसलं आणि माझ्या अक्षरात लिहून दिलं. तू आठ दिवस पाटीला हात लावला नाहीस. मी घाबरले. अंगणवाडीची बाई मी, आणि घरची पोर मुकी केली. नवव्या दिवशी मी तुला पुसलेलं काय होतं ते विचारलं आणि परत लिहायला लावलं. वर एकच रेघ मारली, खालचं दिसेल अशी. तू म्हणालीस, हां, हे माझं. तेव्हापासून.

तेव्हा भाषण कर. सोडून देऊ नको. फक्त पुसलेलं परत लिही.

शनिवारी, तुझ्या चौदा तारखेलाच, कल्याणला डोळा करणार. रुपाली येणार हाय बरोबर. तू यायचं नाय. आलीस तर पट्टी काढून हाकलीन.

ताराआत्या


खर्डी,
१६ मार्च

ती. आत्या,

भगीरथकडून कळलं, डोळा चांगला झाला, घरी आलीस. हे पत्र रुपालीवहिनी तुझ्या कानाशी मोठ्यानं वाचतील. वहिनी, जसं आहे तसं वाचा, छान करू नका. (हसत लिहितेय.)

मी आदल्या दिवशी शीतल मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीतच मागे टेकल्या. “दर्शना, मुखपृष्ठावरची चूक तू आज सांगतेस?” मी वह्या दाखवल्या. त्यांनी बुधीची वही आणि मुखपृष्ठ शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. मग म्हणाल्या, “यंत्राची चूक झाली असं सांगून टाकू.” मी म्हटलं, “त्याला जे कळलं ते त्यानं लिहिलं. न वाचता पुढे दिलं ते मी.” त्या म्हणाल्या, “मग तूच सांग बाई. मी मध्ये पडणार नाही.”

सभागृहात पडद्यावर आधी छापील निबंध लावला. दोघांतिघांनी वा म्हटलं. मग बुधीच्या पाच ओळी लावल्या. मागून हनुमान गुरुजी मोठ्यानं हसले. निवृत्तीला आले आहेत ते. मला वाटलं, संपलं. तर उभे राहून म्हणाले, “मॅडम, हेच काम मी तीस वर्षं लाल पेनानं करतोय. मला कुणी यंत्र नाय म्हटलं!” सगळे हसले, आणि मग एकेक जण बोलायला लागला. माझ्या वर्गातल्या पोरानं अमुक लिहिलं, मी खोडलं. माझ्याकडच्या पोरीनं तमुक. गुरुजी आणि मुरबाडकडच्या एक बाई तर राबात आधी पाला की आधी शेण यावर भांडायलाच लागले. शीतल मॅडम म्हणाल्या, “वेळ, वेळ!” पण त्यांनी थांबवलं नाही.

मग मी सगळ्यांसमोर यंत्राला तोच फोटो परत दिला. या वेळी वेगळं सांगितलं: दुरुस्त करू नकोस. जे कळलं नाही ते मुलीला विचार. त्यानं तीन प्रश्न दिले. राब म्हणजे काय? पाला आणि शेण कुठून आणता? माती काळी झाली की भात चांगला का येतो?

दुपारी तीनशे पुस्तिका आम्ही वाटून घेतल्या. चाळीस शिक्षक पट्ट्या घेऊन बसले आणि प्रत्येक मुखपृष्ठावर, प्रत्येक ओळीवर एकच रेघ मारली, खालचं दिसेल अशी. बाजूच्या मोकळ्या जागेत बुधीच्या ओळी लिहिल्या. हनुमान गुरुजींनी चुकून ‘माझा बा’ लिहिलं. जीभ चावली, रेघ मारली, ‘माजा’ केलं.

तरी माझा जीव शांत नव्हता. चाळीस जण हसले म्हणून बुधी लिहील असं कुठे होतं? आज सकाळी तिला पुस्तिका दाखवली. तिनं रेघांवरून बोट फिरवलं. मग मी ते तीन प्रश्न दाखवले. म्हटलं, हे यंत्र तुला विचारतंय.

“ह्याला राब म्हायती नाय?”

“नाही.”

“येवढं समदं म्हायती, आनि राब नाय?”

“नाही गं. आणि मीही त्याला सांगितलं नाही.”

ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघायला लागली. मग वही उघडली. मधली सुट्टी झाली तरी उठली नाही. सव्वा पान, आत्या! मी अजून त्याला हात लावलेला नाही. फक्त वाचतेय.

तुझ्या डोळ्याचं सांगितलं तेव्हा म्हणाली, आजीला पण लिवते. तिचा कागद सोबत जोडलाय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, पट्टी सुटली की तुझं तूच वाच. एका जागी तिनं आधी ‘माझे वडील’ लिहिलं होतं. खोडरबर मागेल म्हणून मी थांबले. तिनं मागितलं नाही. पट्टी घेऊन एकच रेघ मारली.

दर्शना


आजीला,

तुमच्या डोल्याला पट्टी हाय आसं बाई सांगतात. राबाच्या जवल जाऊ नका. धूर डोल्यात जातो.

माजा बा रडत नाय. माजा बा राब भाजतो.

राबतात त्या आमच्या बाई.

बुधी